तूं कोणाचा? : जालन्याचे नारायण शेषाद्रि आणि त्यांच्या वाटेचे सोबती



आपल्या खेड्यांत एखादें नवखें मूल दिसलें, तर वडील मंडळी त्याला "तूं काय करतोस?" असें विचारीत नाहींत, "तूं कोणाचा रे?" असें विचारतात. मूल बापाचें नांव सांगतें, मग आडनांव, मग वाडा किंवा गल्ली, आणि पुढें न विचारतांच त्याची जात कळून चुकते. शहरांत हाच प्रश्न वेष पालटून येतो. तेथें पाहुण्याची ओळख करून देतांना त्याची पदवी, त्याचा हुद्दा, त्यानें लिहिलेलीं पुस्तकें आणि त्यास मिळालेले मान यांची यादी वाचली जाते. खेड्यांत माणूस जन्मावरून ओळखावयाचा आणि शहरांत कर्तृत्वावरून, इतकाच काय तो भेद. परंतु एकोणिसाव्या शतकांत आपल्या महाराष्ट्रांत कांहीं माणसें अशीं होऊन गेलीं कीं, त्यांनीं हीं दोन्ही उत्तरें बाजूस ठेविलीं. "मी अमक्याचा मुलगा" किंवा "मीं अमुक केलें" असें न सांगतां "मी ख्रिस्ताचा" एवढेंच त्यांनीं सांगितलें. त्या उत्तरापायीं त्यांना काय सोसावें लागलें आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

मी अंबड तालुक्यांतील वडीगोद्रीचा राहणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात मुलें शिकविण्यांत घालविलेला शिक्षक आहें. आमच्या गांवाच्या दक्षिणेस थोड्या कोसांवर शहागडची गोदावरी, पश्चिमेस नाथांचें पैठण, पूर्वेस समर्थांचें जांब, आणि उत्तरेस अंबडावरून पुढें गेलें कीं जालना. १९४८ सालापर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. जालना हा निराळा जिल्हा तर १ मे १९८१ रोजीं झाला. संतांची भूमि म्हणून या भागाचा लौकिक आहे आणि तो योग्यच आहे. परंतु याच भूमींत, जालन्याजवळ, बेथेल नांवाची एक वस्ती वसली. ती वसविणाऱ्या पुरुषाचें नांव रेव्हरंड नारायण शेषाद्रि. आज तें नांव फारसें कोणी घेत नाहीं.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं जांबच्या दुसऱ्या एका नारायणाची आठवण करून देतों. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं १६०८ सालीं जन्मलेला हा मुलगा पुढें रामदास म्हणून जगास ठाऊक झाला. त्यानें मठ स्थापिले, ग्रंथ रचिले, मोठा शिष्यसंप्रदाय उभा केला; परंतु जें नांव तो धारण करून राहिला त्यांत ना कूळ आहे, ना कर्तृत्व. "मी कोणाचा?" एवढ्याच प्रश्नाचें उत्तर त्यांत आहे. तेव्हां आपली ओळख स्वतःच्या करणींत न शोधतां धन्याच्या नांवांत शोधावी, हा विचार मराठी माणसास परका नव्हता. शेषाद्रींचा धनी निराळा होता, आणि त्याच्याकडे जाण्यासाठीं त्यांना घर, जात व गणगोत यांची वेस ओलांडावी लागली, एवढाच त्यांच्या कृत्यांतील नवा व हादरा देणारा भाग होता.

नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण कुळांतील. परळीकर हें त्यांच्या घराण्याचें आडनांव. इंग्रजी विद्येसाठीं ते मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत आले. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ सालीं मुंबईस आले होते. त्यांनीं चालविलेल्या शाळेंतूनच पुढें विल्सन कॉलेज उदयास आलें. रॉबर्ट नेस्बिट हे त्यांचे सहकारी. १८३९ सालीं याच संस्थेंतील धनजीभाई नवरोजी व होर्मसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां मुंबई शहर खवळून उठलें होतें. आपण तीच वाट धरली तर कोणतें वादळ उठेल, हें शेषाद्रींना कोणी समजावून सांगावयास नको होतें. इंग्रजी शिकलेल्या हुशार ब्राह्मण तरुणाला त्या दिवसांत सरकारी कचेरींत मागणी होती आणि समाजांत मान होता. तरीहि १८४३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

येथें एक दुःखाची कथा सांगितली पाहिजे. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि थोरल्या भावाच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या घरीं राहावयास गेला होता. तो अल्पवयी होता. वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत धांव घेतली आणि कोर्टानें मुलाला बापाच्या हवालीं केलें. "हा मुलगा कोणाचा?" या प्रश्नाचा निकाल कायद्यानें दिला, परंतु ज्ञातीचें कोर्ट निराळें होतें. परधर्मीयांच्या घरीं अन्नोदक घेतलेल्या मुलास जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजांत तट पडले. "दर्पण"कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्या मुलाची बाजू घेतली, प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावें म्हणून खटपट केली आणि त्यापायीं सनातनी मंडळींचा रोष पत्करिला. थोरला भाऊ आपल्या पायांनीं बाहेर पडला. धाकट्याला कोर्टानें घरीं पाठविलें, तर ज्ञातीनें उंबऱ्यावर तिष्ठत ठेविलें. धर्मांतराचा इतिहास सांगतांना त्या बापाचें आणि त्या पोराचें दुःख विसरून चालत नाहीं. "मी ख्रिस्ताचा" हें उत्तर देणाऱ्यानें एकट्यानेंच तें सोसलें असें नाहीं. ज्यांनीं तें उत्तर दिलेंच नव्हतें, त्यांनाहि तें सोसावें लागलें.

पुढें १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें, आणि नांवापुढें अक्षरें जोडण्याचें युग महाराष्ट्रांत सुरू झालें. बी. ए., एम. ए., एलएल. बी. हीं नवीं बिरुदें झालीं. विद्वान ख्रिस्ती पाळकालाहि या नव्या मुंबईंत मानाची जागा होती. व्याख्यानें द्यावयाचीं, वादविवाद जिंकावयाचे, वर्तमानपत्रांतून नांव गाजवावयाचें, असें आयुष्य शेषाद्रींना सहज घालवितां आलें असतें. १८६० नंतरच्या दशकांत ते जालन्यास आले. येथें १८२७ पासून हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, बाजारपेठ होती. परंतु शेषाद्रींचें लक्ष छावणीपेक्षां गांवकुसाबाहेरच्या वस्त्यांकडे गेलें. त्यांच्या मंडळींत जे लोक आले ते बहुतेक त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतील, आणि त्यांतहि मांग समाजांतील होते. एका ब्राह्मणकुलोत्पन्न विद्वानानें त्यांच्या घरीं बसावें, त्यांच्या पंक्तीस जेवावें, हें त्या काळीं आमच्या भागांत कोणी पाहिलेलें नव्हतें.

निजाम सरकारचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून शेषाद्रींना जालन्याजवळ जमीन मिळाली. मुसलमानी राज्याच्या दिवाणानें, ब्राह्मण घरांत जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाला, अस्पृश्य मानलेल्या माणसांचें गांव वसविण्यासाठीं जमीन द्यावी, हा योग इतिहासांत वारंवार येत नाहीं. त्या वस्तीला शेषाद्रींनीं बेथेल हें नांव दिलें. "देवाचें घर" असा त्याचा अर्थ. बायबलांतील मूळ कथा अशी आहे कीं, याकोब नांवाच्या एका माणसानें भावाचा मान कपटानें मिळविला आणि त्याच्या भयानें तो घर सोडून पळाला. रानांत रात्र पडली, तेव्हां धोंडा उशाला घेऊन तो झोंपला आणि स्वप्नांत त्याला देवाचें दर्शन झालें. त्या जागेला त्यानें बेथेल म्हटलें. त्या रात्रीं याकोबापाशीं दाखविण्यासारखी कांहींच कमाई नव्हती; होता तो कपटानें मिळविलेला वारसा, आणि तोहि मागें राहिलेला. ज्याला घर नाहीं त्याला जेथें देव भेटला, त्या जागेचें नांव जालन्याजवळच्या वस्तीला द्यावें, यांत शेषाद्रींची सारी शिकवण आलेली आहे असें मला वाटतें.

आतां माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा येतो. माणसाची किंमत त्याच्या कर्तृत्वावरून करावी, हें तत्त्व ऐकावयास मोठें न्यायाचें वाटतें. जन्मावरून करण्यापेक्षां तें चांगलें, यांत शंका नाहीं. परंतु कर्तृत्वाला आधीं वाव लागतो. ज्याला शाळेची पायरी चढूं देत नाहींत, ज्याला विहिरीवर पाणी भरतां येत नाहीं, ज्याच्या नांवावर जमिनीचा तुकडा नाहीं, त्याला "तूं काय करून दाखविलेंस?" असें विचारणें म्हणजे पाय बांधून शर्यतींत उभें करणें होय. अशा माणसाला जन्माचें उत्तर अपमानाचें होतें आणि कर्तृत्वाचें उत्तर अशक्य होतें. शेषाद्रींनीं त्याच्यापुढें तिसरें उत्तर ठेविलें: तूं कांहीं करण्यापूर्वींच कोणाचा तरी आहेस, तुझी किंमत तुझ्या कमाईवर ठरावयाची नाहीं, ती ठरून चुकली आहे. आणि विशेष हें कीं, हें सांगणारा स्वतः कांहीं कमी कमाईचा नव्हता. जन्माचा मान आणि विद्येचा मान दोन्ही त्याच्यापाशीं होते. ते दोन्ही त्यानें खालीं ठेविल्यावांचून त्याचें सांगणें कोणाला खरें वाटलें नसतें.

नव्या करारांतील पौलाची हकीकत याच जातीची आहे. कूळ, शिक्षण, धर्माचरणाची कडकशिस्त, या सर्वांत तो पहिल्या प्रतीचा होता. परंतु ख्रिस्ताची ओळख पटल्यावर आपल्या चोपडींतील ही सारी जमा त्यानें तोट्याच्या बाजूस मांडली. विद्या किंवा कष्ट वाईट, असें त्याचें म्हणणें नव्हतें. तो हातानें तंबू शिवून पोट भरीत असे. आपण कोण हें त्या जमेवरून ठरत नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें.

१८७३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तिला शेषाद्रि गेले होते. डोक्यास पागोटें घातलेला हा मराठी पाळक तेथें साऱ्यांच्या नजरेंत भरला. परदेशांत गौरव झाला म्हणजे माणूस पुष्कळदां त्या गौरवाच्याच नांवानें ओळखला जाऊं लागतो. शेषाद्रींचें नांव मात्र जालना व बेथेल यांच्याशींच जोडलेलें राहिलें. १८९१ सालीं ते वारले.

या वाटेनें गेलेलीं दुसरीं दोन माणसें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पहिल्या पंडिता रमाबाई. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना "पंडिता" व "सरस्वती" या पदव्या दिल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. स्त्रीला संस्कृत विद्येसाठीं असा मान मिळावा, ही त्या काळची अपूर्व गोष्ट. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, पुढें अमेरिकेंत व्याख्यानें दिलीं, ग्रंथ लिहिला, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें. याहून मोठें कर्तृत्व तें कोणतें? परंतु १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनांत त्या काय सांगतात? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षेंपर्यंत आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त मात्र सांपडला नव्हता, अशा अर्थाची कबुली त्या देतात. म्हणजे इतकी विद्या, इतकी सेवा आणि धर्मांतरासारखें धाडस करूनहि मन रितेंच होतें, कारण तीं सर्व आपलीच करणी होती. आपल्या पुण्याईवर नव्हे तर देवाच्या दयेवर आपण उभ्या आहों, हें १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलें आणि मग त्यांच्या जीवाला स्वस्थता लाभली. केडगांवचें मुक्तिसदन, दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों मुली, आणि सामान्य बायकांना कळेल अशा मराठींत बायबलाचें भाषांतर, हीं त्यांचीं मोठीं कामें त्या उमगण्यानंतरचीं आहेत.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. कवि म्हणून त्यांचें नांव होऊं लागलें होतें, आणि आपणच एक नवा धर्म स्थापावा असाहि विचार त्यांच्या मनांत घोळत असे. १८९३ सालीं नागपुराकडून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला. धर्म स्थापूं पाहणारा हा मानी पुरुष दुसऱ्याचा शिष्य झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंची व त्यांची त्यामुळें काय ताटातूट झाली, तें "स्मृतिचित्रें" वाचलेल्या घरांतून सांगावयास नको. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनच्या पगाराची सुरक्षित जागाहि सोडली आणि सातारा येथें "देवाचा दरबार" ही कल्पना मांडली. तींत बाप्तिस्मा झालेल्यांना व न झालेल्यांनाहि ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येतां यावें, असा त्यांचा हेतु होता. म्हणजे ब्राह्मणपण सुटल्यावर मिशनमधील प्रतिष्ठेची जी नवी झूल अंगावर आली होती, तीहि त्यांनीं उतरविली. तुकारामबोवांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते सांगत. ९ मे १९१९ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

या तिघांच्या चरित्रांत एक गोष्ट समान दिसते. आपली ओळख कर्तृत्वांत नाहीं असें ठरविल्यानें तीं आळशी झालीं नाहींत. उलट, ज्याला आपली किंमत सिद्ध करावयाची उरली नाहीं, तो मोकळ्या हातांनीं काम करूं शकतो. ज्या कामांत नांव होत नाहीं, जेथें टाळ्या पडत नाहींत, तें कामहि त्याला हलकें वाटत नाहीं. जालन्याच्या गांवकुसाबाहेर जावयास असाच माणूस लागतो.

परंतु इतिहासाच्या वर्गांत एक बाजू सांगून थांबतां येत नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, पुष्कळ लोक पोटासाठीं ख्रिस्ती झाले. १८७६ ते १८७८ आणि पुन्हां १८९६ पासून १९०० पर्यंत दख्खनेंत जे भयंकर दुष्काळ पडले, त्यांत मिशनच्या दारीं अन्नासाठीं गर्दी झाली, हें खरें आहे. त्यांतील कोणाच्या मनांत भाकरी होती आणि कोणाच्या मनांत देव, हें निवडून काढणारें चाळण इतिहासकारापाशीं नाहीं. मला एवढेंच वाटतें कीं, उपाशी माणसाला प्रथम भाकरी आठवली म्हणून त्याला मान नको होता असें समजूं नये. दुसरा आक्षेप अधिक बोंचरा आहे. "सर्व ख्रिस्ताचे" म्हणणाऱ्या मंडळींतहि जातीचा वास पुरता गेला नाहीं. सोयरिकीच्या वेळीं जुनी जात विचारणारीं ख्रिस्ती घरें होतीं आणि आहेत. मंडळींतील मानाच्या जागांवरूनहि तंटे झाले. धनी बदलला तरी "तूं कोणाचा?" हा गांवाचा प्रश्न देवळाच्या दाराशीं येऊन उभा राहतोच.

सरकारी दप्तरानेंहि हा प्रश्न आपल्या परीनें सोडविला. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदु धर्मीयांपुरत्या ठेवण्यांत आल्या. १९५६ सालीं शीख आणि १९९० सालीं बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेले दलित मात्र बाहेरच राहिले. बेथेलसारख्या वस्तींतील माणसाच्या नातवंडापुढें अशा रीतीनें विचित्र पेंच उभा राहिला. शेजारी त्याला जुन्या जातीनें ओळखतात आणि कागद त्याला त्या जातीचा मानीत नाहीं. हा कायदा योग्य कीं अयोग्य, याचा निर्णय करणें माझें काम नव्हे. परंतु "मी ख्रिस्ताचा" हें उत्तर देणें त्या नातवंडाला आजोबांइतकेंच महाग पडतें, हें नमूद केलें पाहिजे. शेषाद्रींनीं तरी मोठा मान सोडून तें उत्तर दिलें होतें. ज्याच्यापाशीं सोडावयास थोडेंच होतें, त्यानें तेंहि सोडून तेंच उत्तर दिलें, तर त्याची श्रद्धा कमी दर्जाची कशी म्हणावी?

शिक्षकाच्या धंद्यांत आम्ही मुलांना दोन यादींत मांडतों. हजेरीपटावर जन्म, गुणपत्रकावर कर्तृत्व. या दोन कागदांवांचून शाळा चालावयाची नाहीं, हें मी जाणतों. परंतु परीक्षेचा निकाल लागला कीं नापास झालेलीं मुलें मान खालीं घालून घरीं जातात, आणि क्वचित् घरीं जातहि नाहींत, अशा बातम्या आपण दरवर्षीं वाचतों. मोठ्या माणसांची स्थिति निराळी नाहीं, नोकरी सुटली, धंदा बुडाला, निवृत्ति आली, कीं "आतां मी कोण?" या प्रश्नानें भलेभले खचतात. सुशिक्षित कुटुंबांतून हा रोग अधिक, कारण तेथें मुलाला पाळण्यापासून "तूं कोणीतरी हो" असेंच शिकविलें जातें. तूं आधींच कोणाचा तरी आहेस, हें त्याला कोणी सांगत नाहीं.

प्रत्येकानें ख्रिस्ती व्हावें, असें या भाषणाचें सांगणें नाहीं. ज्याचा त्याचा धनी ज्याच्या त्याच्या अंतःकरणांत असतो. आमच्या पैठण-जांबच्या भूमींत तर त्याचीं नांवें पुष्कळ आहेत. परंतु जालन्याच्या या विसरलेल्या पाळकानें एक गोष्ट आम्हांस दाखवून ठेविली. जो आपला मान उतरवून खालीं बसतो, त्यालाच खालीं बसलेल्या माणसाला "तूंहि कोणाचा तरी आहेस" असें सांगण्याचा अधिकार येतो. बेथेलच्या मातींत हें ज्ञान पेरलें गेलें. तें नीट उगवलें नसेल, कांहीं ठिकाणीं तणहि माजलें असेल. पण बीं अस्सल होतें, एवढें म्हणून मी आपली रजा घेतों.